आधी आवाज, मंग माणूस

अक्का,

टेबलापाशी बसून लिहून राह्यली म्हणून तुले तू म्हणतो. सैपाकघरात असती तं तुमी म्हतलं असतं. कायदा तुहाच होता थो. नवीन नवीन मी तुले तू म्हणून बसली तवा आत्याबाईनं, म्हंजे तुह्या मायनं, मले झापलं होतं, "मोठ्या नणदेले तू म्हणते काय वं?" मंग तू मले बाजूले घेऊन म्हणे, "चुलीपाशी तुमी म्हण, माय खूष राह्यते. मशीनीपाशी तू म्हण. इथं तुमी तुमी करत बसली तं तवर क्लिप पुढं निघून जाते."

काल तुही तेरवी झाली. पाव्हणे गेले, मांडव सुटला, भांडे धुऊन उन्हात पालथे घातले हायत. मशीन अजून इथंच हाय, कम्प्युटर, पडदे, सगळं. मंगरूळचा स्टुडिओवाला आज संध्याकाळी येणार हाय न्यायले. तुह्या भावानं त्याले तुले वाशीमच्या दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हो म्हतलं होतं, कोण चालवते आता म्हणून. कोण चालवते थे कोणी मले विचारलं नाही अन मी बी सांगतलं नाही. काल सांगतलं. म्हंजे सांगतलं असं नाही, तोंडातून निघालं. तवापासून घरात कोणी माह्यासंग त्या गोष्टीवर एक शब्द बोललं नाही, हो नाही का नाही नाही. म्हणून मी इथं येऊन बसली. बाळी झोपली हाय. थे उठेपर्यंत लिहून घेतो, मंग काय होईन थे होईन.

मले रडू येऊन नाही राह्यलं अक्का. बाया पाहून राह्यल्या माह्याकडं. तुले आणलं तवा तुही मावशी अंगणात लोळली, आत्याबाईले तिघीचौघींनी धरलं, अन मी दारात उभी, बाळी काखेत, सगळ्याईचे तोंडं हालतानी दिसत होते पण आवाज कुठंतरी लांबून. तुनं शिकवलं होतं ना, काम झालं का एकडाव आवाज बंद करून पाह्य, आवाज असला का चुकी लपते, बिनाआवाजाचं पाह्यलं का कुठं तुटलं थे बरोबर दिसते. मले तसंच दिसून राह्यलं होतं सगळं. आत्याबाईचा चष्मा खाली पडला होता अन त्याच्यावर कोणाचातरी पाय पडणार होता, मी जाऊन थो उचलला, पदरानं पुसला, फळीवर ठेवला. तुह्या मरणाच्या दिवशी मी एवढंच केलं. "दगडाची हाय काय वं ही," शेजारची शांताबाई म्हणे. मले ऐकू आलं थे. तेवढंच बरोबर ऐकू आलं.

मी आसेगावात लग्न होऊन आली तवा कम्प्युटर म्हंजे शाळेतला, कपडा झाकेल, ज्याले हात लावला का सर ओरडत, एवढंच माहीत. नववीतून शाळा सुटली, मंग कपडाबी उचलून नाही पाह्यला. अन इथं बैठकीत तू बसेल, कानाले हेडफोन, समोर दोन पडदे, त्यात कोणाची हळद कोणाची वरात. मानोऱ्याकडल्या तांड्यातले लग्नं, आपल्या लोकाईचे, बौद्ध मंडळीचे, सगळे लग्नं तुह्या टेबलावर येत. फोटोवाले कॅमेऱ्याचं कार्ड आणून देत अन म्हणत, अक्का, मिक्सिंग लवकर द्या, पार्टी डोकं खाऊन राह्यली. मले वाटे ही नांदायची सोडून माहेरी आलेली बाई, हिच्या हातून सगळ्या जिल्ह्याच्या नवऱ्या सासरी जातात. तोंडावर नाही म्हतलं कधी. तू हसली असती का चिडली असती, मालूम नाही.

पोटुशी होती तवा आत्याबाई म्हणे मशीनीपाशी बसू नको, पोटातल्याचे डोळे जातीन. तू म्हणे, "बसू दे तिले, इथं कूलर हाय, अन मले सोबत होते." अन मी बसली. सोबत म्हणून. बाळी झाल्यावर बी सोबत म्हणूनच बसत होती, मांडीवर बाळी दूध पेत, अन माहा उजवा हात माऊसवर. आत्याबाईले मांगून दिसे तं सून पोरीले पाजून राह्यली असंच दिसे.

पह्यल्या दिवशी तुनं दाखवलं, "हे ब्लेड. इथं दाबलं का क्लिप कापल्या जाते. दाब."

मी हातच काढून घेतला.

"काय झालं वं पुजे?"

"नाही वं अक्का. कोणाचं तरी लग्न हाय थे."

"मंग?"

"मी कापलं तं त्याईचं लग्न खराब होईन ना."

तू अशी हसली का खुर्चीचं चाक सरकलं. मंग तुनं माह्यादेखत नवरीच्या क्लिपवर ब्लेड चालवलं, अर्धी क्लिप खोडूनच टाकली, नवरी गायब. माहा जीव वर. मी दाराकडं पाह्यलं, कोणी आलं तं नाही. तुनं दोन बटनं दाबले अन नवरी जशीच्या तशी वापस येऊन उभी, डोक्यावर बाशिंग. थे रीलवाले म्हणत राह्यतात, जिंदगीले कंट्रोल झेड नसते म्हणून. तू त्याईच्यावर चिडे. "यायले मशीनबी समजली नाही अन जिंदगीबी," तू म्हणे.

मंग तुनं मले समजावून सांगतलं, थे मी कधी नाही विसरली. असल क्लिप हार्डडिस्कच्या डब्यात हाय, तिले कोणी हात लावत नाही. इथं खालच्या पट्टीवर, टाईमलाईनवर, हाय थो नुसता निरोप, का त्या डब्यातलं हे लग्न काढ, इथून इथपर्यंत दाखव. "तू निरोप कापून राह्यली पुजे, लग्न नाही कापून राह्यली. निरोप किती बी डाव बदलता येते." पण डब्याची जागा मात्र हालवायची नाही, फोल्डर इकडचं तिकडं केलं का टाईमलाईन सगळी लाल होते, निरोप हाय पण माणूस घरी नाही. अन डबाच पुसून टाकला तं मंग देवबी काही करू शकत नाही, हे बी सांगतलं. मी घाबरून डब्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं, थे अजून हाय.

तू मंगरूळच्या स्टुडिओत कॅसेटीचं काम पाह्यलं होतं. तवा म्हणे हळदीपासून बिदाईपर्यंत ओळीनंच लावत जा लागे, मधात एक गोष्ट विसरली का तिथून पुढचं सगळं पुन्हा. "आता तसं नाही," तू म्हणे. "आता बिदाई आधी लाव, हळद मंग लाव, मांडव मधात घुसव. जिथून मन होईन तिथून सुरू कर, शेवटी सगळं जागेवर आलं पायजे बस." मी दर डाव बिदाईपासून सुरू करत होती. तू विचारलं काहून, तं मी म्हतलं, मले माहं लग्न बी तिथूनच आठवते. तुनं माह्यासमोर चहाची बशी तेवढी सरकवून देली.

अन पंगत. मधातली क्लिप काढली का तिथं जागा रिकामी राह्यते. "पंगतीतून एक माणूस उठलं का बाकीचे काय करतात?" सरकतात. "मंग सरकव. पण कवा कवा नाही सरकवायचं. कोणी येणार असन त्या जागेवर तं पान तसंच मांडून ठेवायचं." दोन्हीचं बटन येगळं येगळं, मी लय दिवस गोंधळत होती.

तू गेल्यावर घर सरकलं अक्का. मी पाहत होती. तुही बाज अंगणात काढली, तिच्यावर आता मिरच्या वाळतात. तुह्या खुंटीवर बाळीच्या बाबाचा शर्ट आला. तुह्या कपात पाव्हण्याले चहा देला, मीच देला, कप कमी पडत होते. कोणाचं काही चुकलं असं नाही. सरकतातच लोकं. हे टेबल तेवढं राह्यलं होतं, अन आज थे बी.

सरकवतानी बारीकशी जागा राह्यली का तिथं काळं दिसते, पापणी लवल्यासारखं. नवीन माणसाची हीच चुकी पह्यली, तू म्हणे, दहा जागी काळं सोडून देतात. "अन आपल्या लोकाईले काळं दिसलं का पह्यले म्हणतात लाईट गेली. मंग एकजण उठून मीटर पाहायले जाते, तवर इकडं मंगळसूत्र होऊन जाते. मंग आपल्यालेच शिव्या."

अन लाईट तं खरंच जाते. पंखा मंद व्हायले लागला का तू असशीन तिथून ओरडे, सैपाकघरातून, न्हाणीतून, एकडाव तं शेजारच्या घरून ओरडली होती, "सेव केलं काय वं?" मंग बॅटरीचं खोकं टूं टूं करे. मी म्हणे, "हो अक्का, केलं." पण हळू म्हणे. आत्याबाईले ऐकू नाही गेलं पायजे. तुले बी कवा कवा ऐकू नाही ये, मंग तू पीठाच्या हातानं धावत येऊन स्वतःच पाहे.

मागच्या सीझनले निम्मे लग्नं माह्या हातचे होते. तू नुसती आहेर तपासे. बाकी काही बी काप पण आहेर कापायचा नाही, हे तुनं मले आधी सांगतलं होतं. मंगलाष्टकं तोकडी कर, नाच तोकडा कर, पण टोपी टावेल घेऊन स्टेजवर आलेलं एकबी माणूस सुटलं नाही पायजे, नाहीतं थो लग्नाच्या घरी जाऊन विचारते, माहा आहेर कुठं गेला. एका लग्नात मी एक मामा गाळला होता, तुनं डब्यातून शोधून वापस बसवला अन मले म्हणे, "बाई, तुनं त्या घरात पुरं भांडण लावलं असतं."

"आता सांग ना वं घरी," तू म्हणे. "का मी सांगू?"

"नको अक्का. बाळीले ताप आला का आत्याबाई मशीनीवर ढकलतीन. दूध कमी झालं तं मशीन. बाळीनं दात उशिरा काढले तं मशीन."

"अन मी मेली तं?"

"काही बी बोलता."

"तू म्हण. मशीनीपाशी हाय."

"काही बी बोलते वं."

"बरं, पुढच्या सीझनले सांगू," तू म्हणे.

एक भांडण आपलं राह्यलंच. रिठदच्या लग्नाचं होतं थे. नवरीचा बाप दाराआडून म्हणते, "चाल माय, गाडी आली," अन मंग दिसते. तुनं काय केलं, त्याचा आवाज ओढून मांगं घेतला. नवरी मैत्रिणीसंग हसून राह्यली, फोटो काढून राह्यली, अन त्याच्यावरच बापाचा आवाज, चाल माय. मंग बाप. मी म्हतलं हे चूक हाय, माणूस दिसत नाही अन आवाज कसा येईन, भुतासारखं वाटते.

"तुह्या घरी माणूस कसं येते?" तू म्हणे. "आधी अंगणातून आवाज येते, हाय काय वं घरी? मंग दारात दिसते. आधी आवाज, मंग माणूस. तसंच असते थे."

"अन आवाज आला अन माणूस आलंच नाही तं?"

"तं मिक्सिंगवाली बोगस."

तू चहा ठेवायले गेली का मी आवाज वापस माणसाखाली सरळ करून ठेवे, तू आली का पुन्हा ओढे. असं चाललं थे, लय दिवस. शेवटी तुह्या मनासारखंच गेलं थे लग्न. पण मी हो नाही म्हतलं. तू म्हणे, "कवा ना कवा म्हणशीन."

आपल्या टेबलावर लग्नापेक्षा जास्त श्रद्धांजल्या होत. गावात कोणी गेलं का अर्ध्या घंट्यात कोणी ना कोणी दारात, अक्का, स्टेटसले ठेवायचं हाय, भावपूर्ण बनवून द्या. तुनं एक साचाच करून ठेवला होता, वरच्या पट्टीवर गुलाबाच्या पाकळ्या, तिच्याखाली नाव, तिच्याखाली दिवा, सगळ्यात खाली फोटो. वरची पट्टी खालचीले झाकते, म्हणून फोटो खाली, नाहीतं पाकळ्या माणसाच्या मांगून पडतात. फोटो अन नाव बदललं का काम झालं.

आपल्या गावच्या किसनबाबाचा मोठा भाऊ वारला तवा त्याईचा नातू ग्रुप फोटो घेऊन आला, रडून रडून डोळे बारीक, "हे आजोबा" म्हणून बोट ठेवलं. दोघं भाऊ बाजूबाजूले, एकसारखे पांढरे फेटे, एकसारख्या मिशा. तुनं एक कापून घेतला. दुपारपर्यंत साऱ्या गावाच्या स्टेटसवर, अन मंग दारात काठी वाजली. किसनबाबा. जित्ते.

"संगीते, मी मेलो काय वं? मले कोणी सांगतलं नाही."

तू अशी उठली, पाय धरले त्याईचे. मी आत पळाली, मले हसू का रडू कळेना. बाबा म्हणे, "बसू दे मले आधी. दाखव बरं थे." तुनं दाखवलं. बाबाईनं पुन्हा दाखवाले लावलं. पुन्हा. मंग म्हणे, "फुलं चांगली पडून राह्यली वं. हे मिटवू नको. ठेवून दे तशीच, कामी येईन." अन तुनं खरंच ठेवली. भावाची दुसरी बनवून देली अन ही येगळ्या नावानं ठेवली, किसनबाबा, नंतर. थे आजबी हाय मशीनीत. मशीन गेली तं थे बी जाईन.

मंग तुले ताप आला, मंग दम लागाले लागला, वाशीमले दवाखान्यात नेलं. मी इथं, बाळीसंग. बाळीचे बाबा तुह्यापाशी. मानोऱ्याचं लग्न अर्धं टाईमलाईनवर होतं, तू जाता जाता गाडीत बसून सांगतलं, बिदाई पुरी कर, मी येऊन आहेर पाहतो.

माह्यापाशी फोन नाही. तुहा निरोप आत्याबाईच्या फोनवर आला, बोललेला. आम्ही दोघी सैपाकघरात होतो, आत्याबाईनं माह्याकडून लावून घेतला. आधी नुसता दम ऐकू आला तुहा. मंग तू, "आज तिकडं लाईट गेली असन. सेव केलं काय वं?"

आत्याबाई म्हणे, "काय म्हणते ही? काय केलं काय?"

मी म्हतलं, "काही नाही आत्याबाई, असंच."

फोन माह्या हातात होता. हो म्हणायचं होतं नुसतं. बटन दाबून, हो अक्का, केलं. केलं होतं मी. खरंच केलं होतं, बिदाई बी पुरी होत आली होती. पण आत्याबाई पाहून राह्यल्या होत्या माह्या तोंडाकडं, अन मी फोन फळीवर ठेवला, अन भाकरी उलटवली. म्हतलं उद्या सांगू, त्या शेतात गेल्या का. मंग उद्या तुलेच आणलं.

तुह्या श्रद्धांजलीसाठी बाळीचे बाबा मंगरूळले फोटो पाठवून राह्यले होते. मी म्हतलं, "अक्काचा साचा हाय मशीनीत. मी लावून देतो नुसता."

"तुले येते काय?"

"लावायचंच तं हाय."

अन मी बाळीले घेऊन तिथून निघाली.

बाया अंगणात बसेल होत्या तवा मी बैठकीचं दार लोटून घेतलं. पह्यले तुहा फोटो. सगळ्या जिल्ह्याचे लग्नं केले तुनं अन तुहा फोटो म्हणशीन तं आधारवरचा, त्यात कोणी बी मेल्यासारखंच दिसते हे तूच म्हणे. मंग तुह्या फोनात एक सापडला, मीच काढेल, तू खुर्चीवरून मांगं वळून पाहून राह्यली, तोंड उघडं, काढू नको वं म्हणतानीचा. थो घेतला. स्टुडिओवाले मेलेल्या माणसाचा रंग काढून टाकतात, मी नाही काढला, तुह्या साडीचा जांभळा तसाच ठेवला. पाकळ्या वर, नाव त्याच्याखाली, दिवा, फोटो. मले वाटून राह्यलं होतं मी काही दाबीन अन तूच खोडल्या जाशीन. मंग आठवलं, निरोप कापतो आपण, लग्न नाही.

आत्याबाईले म्हतलं फोन द्या, बाळीचे फोटो काढून ठेवतो. वायरीनं तुहा निरोप मशीनीत घेतला. थो आवाजाच्या पट्टीवर ठेवला, फोटो संपते त्याच्या पुढं. वरची पट्टी रिकामी. कोणती क्लिप लावू तिथं, तू चालतानीची बोलतानीची एकबी नव्हती. म्हंजे काळं. नवीन माणसाची पह्यली चुकी. मी पाहत बसली. सरकवायचं बटन दाबलं का आवाज फोटोखाली आला असता अन काळं गेलं असतं. नाही दाबलं. थोडं काळं आवाजाच्या आधीबी ठेवलं. काहून ठेवलं थे तवा मले समजलं नाही. पान मांडून ठेवतात तसं असन.

काल जेवणाच्या आधी टीव्हीवर लावलं. बैठक भरेल, बाया दारातून पाहून राह्यल्या. पाकळ्या पडल्या, तू दिसली, तोंड उघडं. आत्याबाईनं पदर तोंडाले लावला. मंग काळं झालं.

मांगून कोणीतरी म्हतलं, "लाईट गेली वाटते."

अन बाळीचे बाबा खरंच उठले अक्का, मीटर पाहायले.

तवा तुहा दम ऐकू आला. थे दारातच थांबले. अन तू म्हणे, सगळ्या बैठकीत, काळ्यातून, "सेव केलं काय वं?"

"हो अक्का, केलं."

मी म्हतलं थे. हळू नाही, मोठ्यानं. माहं तोंड आपोआप उघडलं, मांडीवरची बाळी दचकली. सगळे वळून पाह्यले. मी टीव्हीकडंच पाहत होती. आवाजानंतर माणूस येते म्हणे तू. मी वाट पाह्यली. काळं संपलं अन टीव्हीवर निळं आलं, पेन ड्राईव्ह संपल्याचं.

बाळीचे बाबा म्हणे, "कोणी केलं?"

मंग कोपऱ्यातून काठी वाजली. किसनबाबा. म्हणे, "लाईन माही होती. बनवून ठेवेल माहं होतं, अन गेली ही." मंग माह्याकडं काठी करून म्हणे, "पोरी, माहं बी तुह्याकडंच. फुलं थेच ठेवजो. अन भाऊ नको टाकू माह्या जागी." दोघंचौघं हसले, हसता हसता शांताबाई रडली. आत्याबाई उठून आत गेल्या, पंगतीचं पाहायले.

तवापासून काही नाही. आज सकाळी बाळीचे बाबा म्हणे, थो संध्याकाळी येते, मशीन पुसून ठेवजो. पुसली. वायरी नाही काढल्या. मानोऱ्याचं लग्न उघडलं. तुनं खूण म्हणून मारेल रेघ बिदाईच्या आधी उभी होती तिथंच हाय. नवरीचा बाप मांडवातून हाक मारून राह्यला होता, त्याचा आवाज मी ओढून मांगं घेतला, नवरीच्या हसण्यावर. चांगलं दिसते थे. चांगलं दिसते अक्का.

इथपर्यंत लिहिलं अन पंखा मंद झाला. खोक्यानं टूं टूं सुरू केलं. मी बटनं दाबले, दोन डाव दाबले, अन सवयीनं कान आत गेले. मले मालूम होतं तिकडं कोणी नाही. तरी गेले.

"अवं पुजे!"

मी उठूनच उभी राह्यली.

"केलं काय वं थे? थे संगीता म्हणे थे?"

आत्याबाई. सैपाकघरातून. मी तिथूनच ओरडली. "हो, केलं!"

मंग पावलं वाजले. दारात आल्या, दोन्ही हाताले पीठ, चष्म्यावर बी पीठ. मशीनीकडं पाह्यलं, बंद पंख्याकडं पाह्यलं, माह्याकडं नाही पाह्यलं. म्हणे, "थो स्टुडिओवाला आला तं त्याले चहा पाज अन रिकाम्या हातानं वापस लाव. बाळी माह्यापाशी दे."

अन बाळीले उचलून घेऊन गेल्या, पीठाच्या हातानंच.

आधी आवाज आला, अक्का. मंग माणूस. तू म्हणे तसंच.